सांताक्रूझच्या बाजाराचा राहिलेला हिशेब

सांताक्रूझ हे नाव पावसाळ्याच्या चार महिन्यांत महाराष्ट्राच्या घराघरांत रोज उच्चारले जाते. कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर, ही वेधशाळेची जोडी वर्षानुवर्षे आपल्या कानांत बसली आहे. २६ जुलै २००५ रोजी याच सांताक्रूझच्या नोंदीने सारा देश हादरला. चोवीस तासांत तेथे ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यास त्या अवधीत शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. त्या दिवशीच्या हाहाकाराची कारणे अनेक होती. मिठी नदीचे आकसलेले पात्र, भराव घालून बुजवलेली खाजणे, भरतीची वेळ आणि अपुरी जुनी गटारे ही त्यांतील प्रमुख होत. केवळ पिशव्यांनी मुंबई बुडाली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि तुंबलेल्या गटारांच्या तोंडाशी जे अडकले होते ते आभाळातून पडलेले नव्हते, एवढे तरी मान्य करावेच लागेल. आकाशातून काय पडते हे मोजण्याची व्यवस्था सांताक्रूझला आहे. तेथील बाजार रोज रात्री रस्त्यावर काय टाकतो, याचा हिशेब मागण्याची गरज मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटते. तो हिशेब आज आम्ही मांडू इच्छितो.

घरातील कचऱ्याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ बोलले गेले. दोन डबे ठेवा, ओला वेगळा, सुका वेगळा, हा उपदेश गृहिणीने ऐकला, शाळेतल्या मुलांनी निबंधांत लिहिला, आणि काही सोसायट्यांनी तो पाळलाही. बाजारपेठ या उपदेशातून अलगद सुटली. वास्तविक सांताक्रूझसारख्या उपनगरात स्टेशनसमोरचे रस्ते, हसनाबाद लेन, स्वामी विवेकानंद मार्ग, लिंकिंग रोड, आणि रुळांच्या पूर्वेस वाकोला व कलिना, एवढ्या टापूत जो व्यापार चालतो त्यातून निघणारा कचरा घरच्या कचऱ्याहून निराळ्या जातीचा असतो. कापडवाल्याकडे पुठ्ठ्याचे खोके आणि प्लास्टिकची वेष्टने, शिंप्याकडे चिंध्या, भाजीवाल्याकडे पाने व देठ, शहाळेवाल्याकडे रिकाम्या शहाळ्यांचा ढीग, फुलवाल्याकडे कोमेजलेली फुले, उपाहारगृहात खरकटे, विजेच्या उपकरणांच्या दुकानात थर्माकोल. प्रत्येक गाळ्यातून रोज बहुधा एकाच प्रकारची वस्तू, ठराविक वेळी आणि जवळजवळ ठराविक प्रमाणात बाहेर पडते. कचऱ्याच्या शास्त्रात याहून सोयीची स्थिती दुसरी नाही. जे घरात मुद्दाम वेगळे करावे लागते ते बाजारात मुळातच वेगळे असते.

आणि नेमके तेच आपण रात्री एकत्र करतो. दिवसभर जो व्यापारी बासमतीत कोलम मिसळू देत नाही, रेशमी साडी सुती साडीवर ठेवू देत नाही आणि डाळीतला खडा पारखून काढतो, तोच दुकानदार शटर ओढण्यापूर्वी सारा केर एका गोणीत कोंबतो आणि ती गोणी पदपथाच्या कडेस टेकवून घरी जातो. शेजारच्या भाजीवाल्याची ओली टोपली तिच्यावर रिकामी होते. कोपऱ्यावरच्या खाद्यगृहाची आमटी तिच्यात झिरपते. रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास बाजार मिटतो आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत मध्ये कित्येक तास जातात. त्या अवधीत उंदीर, कुत्री आणि पहाटे कावळे यांचे राज्य असते. पावसाळ्यात एखादी सर आली की फाटलेल्या गोणीतले अर्धे जिन्नस जाळीवाटे गटारात उतरतात. पश्चिमेचे गटार गजधरबंधाच्या वाटेने समुद्राला मिळते, पूर्वेचे वाकोला नाल्यातून मिठीला. म्हणजे दुकानाच्या उंबऱ्यापासून समुद्रापर्यंतचा मार्ग मोकळा आहे. अडथळा काय तो गटाराच्या तोंडाशी साचलेल्या या ढिगाचाच.

मिसळण्याने काय होते हे जरा तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. कोरडा पुठ्ठा हा कचरा नव्हेच, तो माल आहे. भंगारवाला तो वजनावर घेतो, त्याच्या गठड्या बांधतो, आणि पुढे वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत त्याचा लगदा होऊन पुन्हा खोका तयार होतो. तोच पुठ्ठा आमटीने भिजला की त्याचे धागे सुटतात, त्याला बुरशी चढते आणि गिरणी तो नाकारते. भाजीचे देठ स्वच्छ मिळाले तर काही आठवड्यांत त्यांचे उत्तम खत होते किंवा बंद टाकीत घातल्यास जळाऊ वायू मिळतो. त्यांत काच, बॅटरीचा सेल आणि पिशव्यांचे तुकडे शिरले की ते खत शेतकऱ्याच्या कामाचे राहत नाही. दोन उपयुक्त वस्तू एकत्र येऊन दोन्ही निरुपयोगी होतात, असा हा विलक्षण व्यवहार आहे. निसर्ग कचरा निर्माण करीत नाही आणि व्यापारही फारसा करीत नाही. तो निर्माण होतो तो या मिसळण्याच्या क्षणी.

तो जातो कोठे? १९२७ पासून मुंबईचा केर देवनारला पडत आला. पुढे गोराई आणि मुलुंड येथे क्षेपणभूमी झाल्या. गोराईची २००७ मध्ये बंद झाली, मुलुंडची २०१८ मध्ये. आज शहरातील रोजच्या सुमारे साडेसहा ते सात हजार टनांपैकी बहुतांश भार कांजुरमार्गवर आहे. त्या जागेचा वादही न्यायालयात गेला. ती भूमी संरक्षित वन असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. अंतिम निकाल काहीही लागो, जागा संपत चालली आहे हे सांगण्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

२०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डोंगराला लागलेली आग वाचकांच्या स्मरणात असेल. दिवसेंदिवस धूर हटेना, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. ही आग कोणी लावली याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. ती पेटण्यास सामग्री कोणी पुरवली, याची तितकीशी झाली नाही. ओला कचरा हवेवाचून दबून कुजला की मिथेन वायू सुटतो. सुका कचरा, म्हणजे कागद, चिंध्या व प्लास्टिक, हे सरपण होय. वायू आणि सरपण यांना आपण एकाच ढिगात रोज शेजारी ठेवत आलो. सांताक्रूझच्या दुकानातला पुठ्ठा आणि सांताक्रूझच्याच मंडईतला पाला गोवंडीच्या मुलांच्या छातीत धूर होऊन शिरतो, ही गोष्ट सुसंस्कृत म्हणवणाऱ्या नगरास शोभणारी नाही. आपले अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटणाऱ्याला आपल्या गावी काय म्हणतात हे सांगावयास नको. सारे शहर तेच करते तेव्हा मात्र त्याला आपण व्यवस्थापन हे भारदस्त नाव देतो.

त्या आगीनंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्षेपणभूमींची व्यवस्था नीट होईपर्यंत नव्या इमारतींच्या परवानग्यांवर बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ च्या मार्चमध्ये सैल केले. ते योग्य होते की नव्हते हा वाद बाजूला ठेवला तरी त्या निर्णयामागील तर्क बिनतोड होता. जे शहर आपला केर ठेवू शकत नाही, त्याने आणखी माणसे कोठे ठेवावयाची?

आता पैशाचा विचार करू, कारण बाजाराची भाषा ती आहे. मुलुंडच्या बंद क्षेपणभूमीवरील सुमारे ७० लाख टन कचरा उपसून वेगळा करण्याचे काम सातशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे ठरले. देवनारला असा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा असल्याचा महापालिकेचा २०२५ मधील अंदाज आहे, आणि तो हलवून जागा मोकळी करण्याचा खर्च दोन हजार कोटींच्या वर जातो. हे काम म्हणजे तरी काय? डोंगर पोखरावयाचा, तो माल यंत्राच्या चाळण्यांतून काढावयाचा, माती एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, दगडविटा एकीकडे करावयाच्या. जे वेगळे करण्यास दुकानदाराच्या नोकराला रात्री पाच मिनिटे पुरली असती, ते आपण पन्नास वर्षांनी यंत्रे लावून कोट्यवधींच्या मोबदल्यात करवून घेत आहोत. उधारीवर मिसळलेल्या कचऱ्याचे हे व्याज आहे, आणि ते करदात्याच्या खिशातून जाते.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. श्रीमती अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम जन्मास आले. मुंबई महापालिकेने २००६ मध्ये स्वच्छतेचे स्वतंत्र उपविधी केले. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तर बाजार संघटना आणि उपाहारगृहे यांना नाव घेऊन सांगितले की, कचरा उगमापाशीच वेगळा करा, पुनर्वापराचा माल अधिकृत कचरावेचकांस द्या, आणि ओल्याचे शक्य तेथे आवारातच खत किंवा वायू करा. २ ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या आस्थापनांना ओला कचरा आपापल्या आवारात जिरवण्यास बजावले. मोठी हॉटेले आणि मोठी संकुले या व्याख्येत सापडली. परंतु सांताक्रूझच्या गल्लीतील दुकान रोज चार-पाच किलोंचे धनी. ते शंभराच्या कक्षेत कसे यावे? अशी शंभर दुकाने एका रस्त्यावर असली तर जवळजवळ अर्धा टन कचरा होतो आणि त्यास जबाबदार असा एकही इसम कायद्याच्या हाती लागत नाही. थेंबे थेंबे तळे साचते, पण दंड थेंबाला होत नाही आणि तळ्याला धनी नाही. बाजाराचा प्रश्न अडला आहे तो या सांदीत.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. जागा नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. आठ-दहा फुटांच्या गाळ्यात माल ठेवावा की डबे? आमचे उत्तर असे की, वेगळे करण्यास जागा लागत नाही, दोन गोण्या लागतात. जो कचरा एका गोणीत मावतो तो दोन गोण्यांत मावू नये असे गणित नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे. आम्ही वेगळे केले तरी गाडीवाला ते आमच्या डोळ्यांदेखत एकाच पेटीत ओततो, मग कष्ट का घ्यावे? या तक्रारीत तथ्य आहे आणि तिचे उत्तर दुकानदाराने द्यावयाचे नसून महापालिकेने द्यावयाचे आहे. नागरिकाने वेगळे केलेले पुन्हा एकत्र करणारी गाडी एका खेपेत शंभर लोकांची सवय मोडते. ज्या रस्त्यावर अशी खेप होईल तेथे दंड दुकानदारास करण्याचा नैतिक अधिकार प्रशासनास उरत नाही. तिसरा आक्षेप, आम्ही कर भरतो, हा मात्र आम्हांस मान्य नाही. कर भरल्याने केर उचलून घेण्याचा हक्क मिळतो, तो बिघडवून देण्याचा मिळत नाही.

या साऱ्या व्यवहारात एका वर्गाचे नाव क्वचितच घेतले जाते. पहाटे पाठीवर पोते टाकून बाजारात फिरणारी कचरावेचक स्त्री ही या शहराची बिनपगारी नोकर आहे. आपण मिसळलेले ती हातांनी वेगळे करते. फुटलेली काच तिच्या बोटाला लागते, खरकट्यातून ती बाटली उपसते, आणि तो माल पायरीपायरीने धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या वस्त्यांत जाऊन त्याचे पुन्हा जिन्नस होतात. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास या नावाने मुंबईतील अशा स्त्रियांना संघटित करून खत व वायू निर्मितीचे शिक्षण दिले. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, जी घरोघर जाऊन कचरा गोळा करते व त्याचे शुल्क घेते. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना ओळख देण्याचे कर्तव्य नगरपालिकांवर घातले. हे पाहिले म्हणजे बाजारात रात्री कोरडा पुठ्ठा कोणाच्या हाती द्यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञांना बोलावण्याची आवश्यकता राहत नाही. ते उत्तर पहाटे आपल्याच रस्त्यावरून चालत जाते. त्याला ओळखपत्र, हातमोजे आणि उभे राहण्यास एक कोपरा तेवढा दिला पाहिजे.

हे घडू शकते याचे दाखलेही घरचेच आहेत. १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी महापालिकेच्या सहकार्याने आपल्या गल्लीचा कचरा गल्लीतच हाताळण्यास आरंभ केला आणि त्या प्रयोगातून मुंबईभर वस्तीनिहाय नागरिक गट उभे राहिले. कोकणातील वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने कचऱ्याची वीसहून अधिक प्रकारांत विभागणी करून आपल्या क्षेपणभूमीचे रूपांतर लोकांनी पाहावयास यावे अशा जागेत केले. परदेशाचेच उदाहरण हवे असेल तर दक्षिण कोरियाचे घ्यावे. तेथे १९९५ पासून न निवडलेला कचरा विकतच्या पिशवीत भरून द्यावा लागतो आणि निवडलेला पुनर्वापराचा माल फुकट नेला जातो. आपल्या महापालिकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या उपविधींचा जो मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात घरे आणि व्यापारी आस्थापने यांच्याकडून दरमहा शुल्क घेण्याची सूचना होती. शुल्काला आमचा तत्त्वतः विरोध नाही. पण वेगळे करणारा आणि मिसळणारा यांना एकाच मापाने मोजणारे शुल्क म्हणजे निव्वळ आणखी एक कर होय. सवय बदलण्याची शक्ती त्यात नसते. जो निवडून देईल त्याला माफी आणि जो मिसळून देईल त्याला भुर्दंड, ही कोरियाची रीत व्यापाऱ्यास सर्वांत आधी समजेल, कारण तो नफातोटा जाणतो.

म्हणून सांताक्रूझपुरती आमची मागणी मोजकी आहे. एच पूर्व आणि एच पश्चिम या दोन विभाग कार्यालयांनी स्टेशनलगतचा एकेक बाजाररस्ता निवडावा. तेथे कचऱ्याची गाडी पहाटे न पाठवता दुकाने मिटण्याच्या वेळेस पाठवावी, म्हणजे गोणी पदपथावर रात्र काढणार नाही. ओल्याची गाडी निराळी असावी, आणि पुठ्ठा, कागद, प्लास्टिक हा कोरडा माल त्याच वेळी नोंदलेल्या कचरावेचकांच्या गटाने उचलावा. त्या रस्त्यावरील व्यापाऱ्यांच्या संघटनेस सामूहिक जबाबदार धरावे, म्हणजे शंभर लहान दुकाने मिळून कायद्याच्या दृष्टीने एक मोठे आस्थापन होईल आणि सवलत वा दंड साऱ्या रस्त्यास मिळून लागेल. एकाच गाडीत दोन्ही ओतणाऱ्या कंत्राटदारास दुकानदाराहून कितीतरी अधिक दंड असावा. आणि रोज किती ओले, किती कोरडे, किती मिसळलेले उचलले याचा आकडा दर आठवड्यास त्याच रस्त्यावर फलकावर लिहावा. पावसाचा आकडा रोज प्रसिद्ध होतो म्हणून आपण पावसाविषयी सावध असतो. कचऱ्याचाही आकडा डोळ्यांसमोर राहिला तर रस्त्यारस्त्यांत चढाओढ लागण्यास वेळ लागणार नाही. तीन महिने हा प्रयोग प्रामाणिकपणे चालवावा. फसला तर तो का फसला हे तरी कळेल.

शेवटी एक शब्द आमच्या वाचकांसाठी, कारण बाजार म्हणजे केवळ दुकानदार नव्हेत. गिऱ्हाईकावाचून बाजार नसतो आणि सांताक्रूझच्या बाजारातले गिऱ्हाईक बहुतांशी आपण, शिकलेसवरलेले लोक आहोत. महाराष्ट्राने २०१८ च्या जूनपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवरील बंदी अमलात आणली. पाच हजार रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत दंड आणि तिसऱ्या गुन्ह्यास कैद, अशी तिची तरतूद होती. तरीही भाजीवाला टोपलीखालून पिशवी काढतो, ती आपण हात पुढे केलेला असतो म्हणून. कापडी पिशवी घरी विसरल्यावर पोटाशी धरून भाजी न्यावी असे कोणी म्हणत नाही. पण पिशवी विसरण्याची लाज वाटली पाहिजे एवढे म्हणण्यास हरकत नसावी. आपल्या आजीचे बाजारात जाणे पिशवीशिवाय होत नव्हते, आणि तिला पर्यावरण हा शब्दही ठाऊक नव्हता.

संत गाडगेबाबा गावात शिरल्यावर आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडून झाल्यावर कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नावाने या राज्यात स्वच्छतेचे अभियान चालले, पुरस्कार दिले गेले, भाषणे झाली. त्यांनी दाखवलेला क्रम मात्र आपण उलटा केला. आपले कीर्तन वर्षभर चालू असते आणि खराटा दुसऱ्याच्या हाती असतो. पुढचा पावसाळा सांताक्रूझच्या नोंदवहीत कोणता आकडा लिहील हे कोणाच्या हाती नाही. त्या दिवशी गटाराच्या तोंडाशी काय असेल, हे मात्र आज रात्री शटर ओढणाऱ्या हातांवर आणि ती गोणी उचलणाऱ्या गाडीवर अवलंबून आहे. व्यापारी रोज रात्री गल्ला मोजून, हिशेब मिटवूनच दुकान बंद करतो. कचऱ्याच्या या दोन गोण्या त्याच हिशेबात धरल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या धरल्या जातात की नाही हे विभाग कार्यालयाने पाहिले पाहिजे.